मारुतीच्या दहाव्याला मी बोललो ते

पोटच्या पोराच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून हात जोडून उभ्या असलेल्या बाईला कुणी टोमणा मारला, तर त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? म्हणा — तो माणूस मी आहे. टोमणा तुमच्यातल्या कित्येकांनी ऐकलाय. त्यामागचं मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

कार्ल्याचा मारुती माझा शाळासोबती. मी पत्रकं वाचून वाढलेला. बोलायचोही पत्रकासारखाच — प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह! तो पलटणीत भरती झाला तेव्हा चारचौघांत मी त्याला साहेबाचा कुत्रा म्हणालो. तो हसला. "आजून भुकलो न्हाई, सदा. भुकलो की सांगतो."

बेचाळीसच्या चळवळीत तो रजेवर आला होता. परत निघाला त्या दिवशी लोणावळा स्टेशनावर मीही होतो — पिशवीत पत्रकं. पोलीस झडती घेत माझ्या दिशेनं सरकत होते. मला पळता येईना, उभंही राहवेना. मारुतीनं काही न विचारता पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, आपल्या लोखंडी ट्रंकेत टाकली आणि वर बसला. हवालदार आला तेव्हा म्हणाला, "माजा भाऊ हाय. पोचवाया आलाय." गणवेशातल्या शिपायाची ट्रंक कोण उघडणार? आणि उघडली असती तर? माझं काय झालं असतं एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं. त्याचं काय झालं असतं — हे नाही. गाडीत चढता चढता तो कानाशी म्हणाला, "भुकलो बघ."

तो इटलीत मारला गेला. तिथल्याच मातीत त्याला पुरलं. घरी आली ती नुसती तार.

घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. त्याची आई सांगत होती, "गोदीचं लगीन लावीन रं... तुजा पवळ्या बैल इकनार न्हाई... ये की रं लेकरा." मला रडू येत होतं. रडलो असतो तर लोकांनी विचारलं असतं — शिपायासाठी तू का रडतोस? मग ट्रंकेचं सांगावं लागलं असतं. माझी शूराची ऐट गेली असती. म्हणून मी बोललो. असल्या समजुतींची पत्रकांतून टिंगल करणारा मी — मोठ्यानं बोललो, "साहेबाचं अन्न खाल्लेल्याला कावळासुद्धा शिवत नाही!"

काही जण हसले. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परत निघताना मारुतीची आई माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "ट्रंकेचं त्यो समदं सांगून गेलता मला. म्या बोलले न्हाई कुनाला. धरून नेत्याल तुला. चल, जेवून जा."

मी जेवलो. होय, पोटभर जेवलो.

एका शब्दात ती मला उघडा पाडू शकत होती. तिनं मला वाढलं. आज मी मोकळा फिरतो, लिहितो, ते त्या मायलेकांमुळे. हे ऋण मला रोज आठवतं, आणि रोज मी गप्प बसलो. स्वराज्य आलं, पोलिसांची भीती गेली — तरीही गप्प. पोलिसांच्या हातावर तुरी देणारा म्हणून बाजारपेठेत माझा सत्कार झाला. मी मान वाकवून हार घालून घेतला. गर्दीत मारुतीची आई टाळ्या वाजवत होती.

माझं ते वाक्य मात्र गावोगाव गेलं. गोदीला, म्हणजे मारुतीच्या बहिणीला, पाहायला मंडळी येतात आणि वाटेत कुणीतरी ते त्यांच्या कानावर घालतं: कावळा शिवला नाही, त्या घरची पोरगी. दोन ठिकाणांहून नकार आला.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण येत्या पंचमीनंतर तळेगावची मंडळी गोदीला पाहायला येणार आहेत. कार्ल्याच्या फाट्यावर उतरून ते वाट विचारतील. तुमच्यापैकी जो कुणी तिथे असेल, त्यानं त्यांच्याबरोबर दारापर्यंत चालत जावं आणि वाटेत मारुतीनं ट्रंकेवर बसून काय केलं ते सांगावं — माझ्या नावासकट.