तीन बॅचा, एकच नंबर

काळेवाडीचा संघर्ष. बाप कंपनीच्या गेटवर घोषणा देणारा, म्हणून पोराचं हे नाव; पोराचा आवाज मात्र दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचायचा नाही. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तो कंत्राटावर होता. सदोष मालाच्या बॅचा अडवणारा प्रोग्राम त्यानंच सहा वर्षांपूर्वी लिहिलेला.

त्या प्रोग्रामची भाषा जुनी आणि मोठी लहरी. यादी मागितली आणि ठेवायला जागा एकाच वस्तूची दिली, तर ती तक्रार करत नसे. कधी यादीत किती वस्तू आहेत तो आकडा हातावर ठेवी, कधी नुसती शेवटची वस्तू. कुठं काय मिळेल, हे भल्याभल्यांना सांगता येत नसे. वर्षापूर्वी संघर्षनं सोपा नियम लिहून दिला होता: यादी ती यादीच राहील; आकडा हवा तर आकडा मागायचा, शेवटची वस्तू हवी तर तसं सांगायचं.

"चालतंय ना?" त्याची प्रमुख नेहा तेव्हा म्हणाली होती. "मग हात कशाला लावतोस?"

चालत होतं खरं, कारण अडवायची बॅच एका वेळी एकच असायची. मंगळवारी तीन निघाल्या. स्क्रीनवर शेवटचीच आली. माल रवाना करणाऱ्या धर्माजींनी ती अडवली. उरलेल्या दोन बॅचा ट्रकमध्ये चढल्या. निवृत्तीला आठ महिने उरलेले धर्माजी निलंबित झाले.

बुधवारी चौकशी.

"येकच नंबर व्हता, साहेब," धर्माजी म्हणाले.

"चष्मा बदला, काका."

"चष्मा नवाच हाय. तुमचा त्यो स्क्रीनचा डबा बदला."

साहेब हसले नाहीत. मागं नेहाशेजारी संघर्ष बसला होता. प्रोग्राममधली चुकीची ओळ त्याला सकाळीच सापडली होती. त्याचीच.

"गप्प बस," नेहा कुजबुजली. "शुक्रवारी तुझं कंत्राट संपतंय."

तो उठला. "साहेब... त्यांना एकच दिसला. ओळ माझी आहे." त्यानं प्रोग्राम चालवून दाखवला. तीन नंबर दिले, एकच आला.

"लेखी देशील?"

त्यानं दिलं. गुरुवारी धर्माजी कामावर आले. शुक्रवारी संघर्षचं कंत्राट वाढलं नाही.

सोमवारी नेहाचा फोन आला. त्याचाच नियम आता तिला प्रोग्राममध्ये घालायचा होता.

"संघर्ष, यादी रिकामी आली तर?"

फोन ठेवून द्यावा, असं त्याला वाटलं. मग डोळ्यांपुढं तो ट्रक आला.

"रिकामी यादीही यादीच," तो म्हणाला. "नियम घालायची अशी साठ ठिकाणं आहेत. पहिलं उघड, मला वाचून दाखव."