पाहुण्यांचं पाणी

पर्यावरणाच्या परिषदेत बोलायला तीन मिनिटं मिळतात. दोन मिनिटं झाली की समोर बसलेली बाई टेबलावरची घंटी वाजवते, आणि ज्याला बोलायची सवय नाही तो तिथेच गडबडतो. माझ्या गावाचं दुखणं तीन मिनिटांत मावत नव्हतं. मी ते कापत कापत इतकं आटोपशीर केलं की शेवटी शेवटी घंटी वाजायच्या आत माझं भाषण संपायचं आणि टाळ्या कुठे पडणार हेसुद्धा मला आधी ठाऊक असायचं. गावात मात्र काडीचा फरक पडत नव्हता.

हे दोन हजार सालच्या आसपासचं. मी भद्रावतीच्या कॉलेजात होते. आमचं गाव तिथून एसटीनं अर्धा तास आणि मग पायी. घरची शेती कापूस-सोयाबीनची. गावाच्या उत्तरेला कोळशाची खुली खाण, आणि ती दरवर्षी आमच्याकडे सरकत यायची. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचा आणि फळीवरची भांडी आपसात बोलायची. त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. पण खाण जशी खोल गेली तसं आमच्या विहिरीचं पाणीही खाली गेलं, आणि जे राहिलं त्यावर तेलकट तवंग धरला. त्या पाण्यात डाळ शिजत नसे. आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची, लहान पोरं रात्रभर खाजवत रडायची. प्यायचं पाणी नाल्यापलीकडच्या गावातून आणावं लागायचं.

आमच्या घरी ते माय आणायची. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाण्याचा मोठा पितळी गुंड, काखेत कळशी. वर्षानुवर्षं त्या गुंडाखाली राहून तिची मान एका बाजूला कलली होती. बोटांना मुंग्या यायच्या, कधी कधी हातातली भाकर गळून पडायची. भद्रावतीच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावर ओझं घेणं बंद करा, नाहीतर हात कायमचे जातील. माय हसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मंग पानी काय तो डाक्टर आनून देते?" मी आणते म्हटलं तर ती मला गुंडाला हात लावू द्यायची नाही. पोरीचं शिक्षण आणि पोरीची मान, दोन्ही तिला शाबूत पाहिजे होतं.

तेव्हा मला एकच हवं होतं. गावात नळ यावा आणि मायच्या डोक्यावरचा गुंड उतरावा. बाकी पृथ्वी वाचो न वाचो, खरं सांगायचं तर मला तिची पडली नव्हती.

मी वक्तृत्वात बरी होते म्हणून आमच्या सरांनी मला चंद्रपूरच्या युवा नेतृत्व शिबिराला धाडलं. तिथे एक खेळ घेतला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, आम्ही सहा जण त्यावर उभे राहिलो, आणि शिबिराचे सर ते दर वेळी अर्धं घडी करत गेले. जागा कमी झाली तरी एकमेकांना सांभाळून उभं राहायचं, म्हणजे नेतृत्व. मी एका पायावर उभी राहून खेळ घेणाऱ्या सरांना म्हटलं, "सर, आमचं गावपण अशीच घडी होऊन राह्यलं." ते खूश झाले. म्हणाले, "वा! छान जोडलंस!" आणि त्यांनी कागदाची आणखी एक घडी घातली.

त्यानंतर मला आमंत्रणं येऊ लागली. नागपूर, अमरावती, वर्धा. खाणीजवळच्या गावातली, बोलणारी, आणि वरून मुलगी. असं माणूस त्यांना हवंच असायचं. शाश्वत विकास हा शब्द मी तिथे शिकले. त्याआधी आमच्याकडे शाश्वत फक्त आत्मा होता, तोही कीर्तनकार आला तरच. मी काय काय शिकले! झाडाला राखी बांधायला शिकले. पृथ्वीच्या फुग्याभोवती फेर धरून गाणं म्हणायला शिकले. आणि प्रश्न विचारला की आधी "खूप चांगला प्रश्न" म्हणायचं, म्हणजे उत्तर दिलं नाही तरी चालतं, हेही शिकले.

नागपूरच्या एका परिषदेत जेवणाची सुट्टी झाली आणि सभागृह रिकामं झालं. प्रत्येक खुर्चीपाशी विकतच्या पाण्याची बाटली, कुणी दोन घोट घेतलेली, कुणी तेवढेही नाही. मला ते बघवेना. मी माझी पिशवी काढली आणि रांगेरांगेनं बाटल्या गोळा करायला लागले. कुणी येण्याआधी जेवढ्या होतील तेवढ्या. तेवढ्यात सूत्रसंचालक आले आणि त्यांनी मला पाहिलं. मी चोरी पकडल्यासारखी उभी. त्यांनी माइक घेतला आणि आत येणाऱ्या लोकांना सांगितलं, "बघा, आपण नुसतं बोलतो, आणि ही मुलगी प्लास्टिक गोळा करते आहे!" सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला. आता काय सांगणार? पिशवी छातीशी धरून मी एसटीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी नागपूरच्या उष्ट्या पाण्यात तुरीची डाळ अशी शिजली, अशी शिजली की माय म्हणाली, "अजून भेटन का वो असं पानी?"

त्याच परिषदेत मला एक मॅडम भेटल्या होत्या. परिषद भरवणाऱ्या संस्थेत पाण्याचं काम बघायच्या. त्यांनी माझं भाषण ऐकलं, माझा हात धरला, आणि म्हणाल्या, "आम्ही तुझ्या गावी येतो. विहिरीचा नमुना तपासू. पाणी पिण्यालायक नाही असं निघालं की नळयोजनेसाठी वर शिफारस करू. आमचा शब्द चालतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी टाळ्यांच्या पुढचं बोललं होतं. मला बसमध्ये उगाच हसू येत होतं.

गावात मी घरोघर फिरले. म्हटलं, मॅडम येणार, काही म्हणजे काही आवरू नका. जसं आहे तसं दिसू द्या. त्यांना आपल्या विहिरीचंच पाणी द्या, तोंड वाकडं करू द्या त्यांना. बाया म्हणाल्या, "हो बाई, हो." पारावरचे म्हातारे भाऊ म्हणाले, "बरोबर बोलून राह्यली पोरगी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या सकाळी मी उठले तर माय घरात नाही. चुलीपाशी रांजण घासून पुसून ठेवलेला. उजाडता उजाडता ती नाल्याकडून आली, मागे आळीतल्या चार बाया, सगळ्यांच्या डोक्यावर भरलेले गुंड.

"माय, हे काय केलं तू?"

"पावणे येऊन राह्यले ना?"

"अवं, आपलं खराब पानी दाखवाचं हाय त्याइले! त्याच्यासाठीच तं येऊन राह्यले!"

"दाखव ना तू विहिरीवर नेऊन. मी काऊन नाई म्हनते? पन माह्या दारात आलेल्या मानसाले मी ते घान पाजू?" ती गुंड उतरवताना कळवळली, मग मान धरून उभी राहिली. "दुश्मन आला तरी त्याले गोड पानी देतेत, पोरी. तुह्या परिषदेत हे नाई शिकवत का?"

मी खूप भांडले. काय काय बोलले ते आता आठवायला नको वाटतं. ती रांजण भरत राहिली.

विहिरीवर गेले तर तिथे वेगळीच तऱ्हा. पोरांनी जुन्या लुगड्याचा पदर पसरून वरचा तवंग काढून टाकला होता. काठाला चुना मारला होता. कुणीतरी रांगोळीही घातली होती, लग्नघरी घालतात तशी. मी तिथेच कपाळाला हात लावला. कुणाचंच चुकलं नव्हतं, हाच सगळा घोळ होता. पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या लोकांचे हात आपोआप चालायला लागतात, त्यात त्यांना माझं ऐकणं जमण्यासारखं नव्हतं.

मॅडम आल्या, बरोबर दोन तरुण मुलं आणि जीप. ओसरीवर सतरंजी. मायनं चिंच लावून घासलेल्या तांब्यातून पाणी दिलं. मॅडमनी एका दमात पेला संपवला आणि म्हणाल्या, "किती गोड!" मी घाईनं म्हटलं, "मॅडम, हे पाणी आमच्या गावचं नाही." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाणी कुणाचंच नसतं बेटा, ते सगळ्यांचं असतं." दोन्ही मुलांनी हे लिहून घेतलं.

मग विहीर पाहिली. मॅडमनी रांगोळीचा फोटो काढला. नमुन्याची बाटली जीपमध्येच राहिली होती, नमुना जाताना घेऊ म्हणाल्या. तोवर मी त्यांच्यातल्या एका मुलाला सुरुंगांनी शाळेच्या भिंतीला पडलेल्या भेगा दाखवायला घेऊन गेले. परत आलो तर जीप सुरू झालेली. मी धावत जाऊन विचारलं, "नमुना घेतला ना?" मॅडमनी भरलेली बाटली काचेतून वर करून दाखवली. मी दोन्ही हात जोडले. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी रस्त्यावर उभी होते.

नंतरचे दोन-तीन महिने मी नळाच्या स्वप्नात काढले. तोटी कुठे बसेल तेसुद्धा ठरवून टाकलं होतं, तुळशीच्या बाजूला.

पुढची परिषद पुन्हा नागपूरला. मॅडम मंचावर होत्या. माझ्या गावाचं नाव त्यांनी घेतलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. त्या म्हणाल्या की खाणीच्या शेजारी असूनही या गावानं आपलं पाणी निर्मळ राखलं आहे, तपासणीत ते पिण्यास उत्तम निघालं, यातून आपण सर्वांनी शिकायला हवं. "आणि तो नमुना," त्या म्हणाल्या, "या मुलीच्या आईनं स्वतःच्या हातानं भरून दिला होता!" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला तेव्हा समजलं. चिंचेनं घासलेला तांब्या डोळ्यापुढे आला. मी उठले, ओरडून म्हटलं, "मॅडम, ते पाणी—" आणि घंटी वाजली. प्रश्न नंतर घेऊ, असं सांगण्यात आलं. नंतर जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं, सगळं सांगितलं, हातापाया पडले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, अहवाल वर गेला आहे, आता बदलता येत नाही, पुन्हा कधी त्या भागात कार्यक्रम निघाला तर बघू. "पण ही आनंदाची बातमी आहे बेटा, तू रडतेस काय?" मी संडासाच्या बाहेरच्या पायरीवर बसून रडले, तोंडात पदर कोंबून, जनावरासारखी. कुणाचा राग करावा तेच कळत नव्हतं. मॅडमचा करावा तर त्या आल्या तरी होत्या. मायचा करायला मन धजत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. माय ओसरीवर बसून मानेला तेल चोळत होती. बोटं नीट वळत नव्हती, तेल अंगठ्यानंच ओढत होती.

"भेटल्या का त्या बाई?"

"भेटल्या."

"बिचारी बाटली घेऊन उभी होती, म्हने पानी भरून द्या. मी म्हनलं वाटेत तहान लागन, रांजणातलं दिलं गाळून." ती माझ्याकडे बघत होती. "आवडलं ना वो त्याइले आपलं पानी?"

मी तोंड उघडलं. तीन मिनिटांत सगळं सांगायची मला सवय होती.

"हो माय," मी म्हटलं. "लय आवडलं."

तिचा चेहरा उजळला. "मी म्हनलंच होतं. अजून येतीन तं मले आदल्या दिवशी सांगजो." मग भिंतीचा आधार घेऊन ती उठली आणि तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. संध्याकाळचं पाणी आणायचं राहिलं होतं.