कमळाबाईचं बोंडलं

पावणेदोन किलोची नात घरी आली, तेव्हा सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या त्या चाळीत कमळाबाईइतकं तोऱ्यात कोणी चालत नव्हतं.

पोर सातवा सरून आठवा लागताच बाहेर आलेली. सव्वीस दिवस मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, नाकात नळी आणि पायाला तार. तिची आई कावेरी, म्हणजे कमळाबाईची सून, पोटाचे टाके सांभाळत पेटीपाशी जायची आणि भिंतीला टेकून रडायची. मग नळी काढली आणि शैलजा सिस्टर म्हणाली, आता बोंडल्यानं पाजा. बोंडलं म्हणजे चोचीची लहानशी वाटी. आईनं आपलं दूध काढून त्यात घ्यायचं, चोच पोरीच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची, थेंब सोडायचा, गिळला की पुढचा. ऐकायला सोपं. कावेरीचा हात असा लटलटला की दूध निम्मं पोरीच्या मानेत आणि निम्मं श्वासात. पोर ठसकली, निळी पडली, सिस्टर धावत आली.

पुढच्या खेपेला कमळाबाई पुढे सरकली. “आण वं माय इकडे.”

मांडी घातली, पोरीचं डोकं कोपरात घेतलं, आणि बोंडलं रिकामं केलं. दुपट्यावर एक डाग नाही.

“आजी, हात आहे की काय आहे हा!” शैलजा सिस्टर म्हणाली. शेजारच्या दोन बाया बघायला आल्या.

हे ऐकायला कमळाबाई सहा वर्षं थांबली होती, म्हटलं तरी चालेल. शिरपूरकडच्या खेड्यात तिनं किती बाळंतिणींना न्हाऊ घातलं, किती पोरांची टाळू भरली, त्याचा हिशेब नाही. गावात बाळ जन्मलं की पहिला निरोप तिला. नवरा गेला आणि मुलगा नवनाथ तिला सिल्वासाला घेऊन आला. तो धाग्याच्या कंपनीत. तिलाही त्यानं दोन वर्षं तिथंच धाग्याचे कोन पिशवीत भरायला लावलं, पण डोळ्याला बारीक दिसेना तेव्हा मुकादमानं हात जोडले. मग ती घरी बसली. घर म्हणजे एक खोली. गॅस सुनेचा, मिक्सर सुनेचा, गुजराती दुकानदाराशी बोलणं सुनेचं, मोबाइलवर नवनाथशी हसणंही सुनेचंच. कमळाबाईच्या वाट्याला लसूण सोलणं.

आणि आता दर दोन तासांनी सगळं घर तिच्या तोंडाकडे बघायचं. “आत्याबाई, वेळ झाली ना?” कावेरी विचारायची. कावेरीनं दूध काढून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पाजायचं कमळाबाईनं. शेजारची गुजराती लीलाबेन शिलाई मशीन सोडून दारात यायची. ती कमळाबाईला ‘बा’ म्हणायची, म्हणजे आई. “बा, तुम्ही पाजता ना, ते बघायला मला लई गमतं.” कमळाबाईची नजर बोंडल्याच्या चोचीवरून हलायची नाही. पाजताना ती बोलत नसे.

घरी आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी तपासणीला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून पोरीचा पडदा पाहिला, ठीक म्हणाले. काट्यावर पोर एक किलो नऊशे साठ भरली. कमळाबाईनं सगळ्या लाइनीकडे असं बघितलं, जणू वरचे दोनशे दहा ग्रॅम तिनं स्वतःच्या अंगचे काढून दिलेत.

“छान,” शैलजा सिस्टर म्हणाली. “आता बोंडलं कमी करायचं. प्रत्येक वेळी आधी पोरीला आईच्या अंगावर लावायचं. भूक असतानाच लावायचं, म्हणजे ती ओढायला शिकेल. दहा-पंधरा मिनिटं. मग जे कमी पडेल ते बोंडल्यानं. ती ओढेल तसं आईचं दूध वाढेल. नाही ओढलं तर आटत जाईल. कळलं ना, कावेरी?”

सिस्टरनं ‘कावेरी’ म्हटलं. ‘आजी’ म्हटलं नाही.

त्या घटकेला कमळाबाईच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझला नाही. घरी कावेरी भिंतीला उशी लावून बसली, पदर बाजूला केला, पोरीला जवळ घेतलं. पोर नुसती तोंड वासायची, इकडे तिकडे मान फिरवायची, रडायची. कमळाबाई समोर बसून बघायची. वाईट वाटायचं म्हणावं तर वाटायचं, पण आत कुठंतरी गोडही वाटायचं. शेवटी पोर लाल व्हायची, कावेरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग, “घ्या आत्याबाई, तुम्हीच पाजा.” बोंडलं ओठाला लागलं की पोर गप्प. कमळाबाईचा जीव सुपाएवढा व्हायचा.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोरीनं धरलं. अगदी थोडं, चार वेळा ओढलं आणि सोडलं. कावेरी ओरडलीच, “आत्याबाई, ओढलं! बघा ना, ओढलं हिनं!”

“हं,” कमळाबाई म्हणाली आणि लसूण सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी कावेरी आंघोळीला गेली, तेव्हा कमळाबाईनं काढून ठेवलेल्या दुधातून पोरीला अर्धं बोंडलं पाजलं. कशाला, म्हणून कोणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. एवढासा जीव, आईशी झटापट करून दमतो. पोटात आधी थोडा आधार हवा. तिला ते खरंच वाटत होतं. सगळ्यात पक्कं खोटं माणूस स्वतःशी बोलतं, आणि कमळाबाई कच्चं काम करणारी बाई नव्हतीच.

मग तसंच चालू झालं. कावेरी कपडे वाळत घालायला गेली, अर्धं बोंडलं. जेवायला बसली, अर्धं बोंडलं. वेळेला पोर आईच्या अंगावर यायची ती अर्धी पेंगलेली. दोनदा ओढायची आणि डोळे मिटायची. “झोपली वं माय, नको छळूस तिला,” कमळाबाई म्हणायची.

दुसऱ्या गुरुवारी पोर शंभर ग्रॅमच वाढली. सिस्टर म्हणाली, बघू. त्यानंतर कावेरीचं दूध उतरू लागलं. आधी काढायला बसली की स्टीलची वाटी भरायची, आता वाटीचा तळ झाकता झाकता तिचा घाम निघायचा. नवनाथनं मेथीचे लाडू आणले, शतावरी आणली. कावेरी खायची, रडायची, परत खायची. “माझंच अंग खोटं,” ती लीलाबेनला म्हणाली. कमळाबाईनं पलीकडून ऐकलं. ऐकून ती गप्प राहिली, हे तिला पुढे फार दिवस टोचलं.

तिसऱ्या गुरुवारी लाइन मोठी होती. कावेरी कागद काढायला खिडकीपाशी गेली. पोर कुरकुरली. पिशवीत सकाळचं काढलेलं दूध होतं, बोंडलं होतं. कमळाबाईनं खांबाआड पाठ केली आणि भराभर पाजलं.

काट्यावर आठवड्याचे फक्त चाळीस ग्रॅम.

शैलजा सिस्टरचा चेहरा बदलला. “कावेरी, माझ्यासमोर पाज बघू.”

कावेरीनं पोरीला लावलं. पोरीनं तोंडही उघडलं नाही. झोपाळू ढेकर दिला आणि ओठाच्या कडेला ताजं दूध आलं. सिस्टरनं ते बोटानं टिपलं. मग पोरीचं लाळेरं उचलून उलटसुलट पाहिलं.

“आत्ताच पाजलंय हिला. कोणी?”

कमळाबाईनं बोंडलं पिशवीत खाली दडपलं. लाइनीतल्या सगळ्या बाया कान टवकारून.

“मी,” कावेरी म्हणाली. “रडत होती म्हणून मीच पाजलं, सिस्टर.”

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, कमळाबाईकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “असं पोट भरून आणलं तर ती कधी शिकायची? तुझं दूध आटत चाललंय. एक आठवडा देते. पुढच्या गुरुवारी काटा सरकला नाही तर पोरीला परत दाखल करायचं. परत नळी. चालेल?”

दोघी रिक्षानं घरी निघाल्या. नरोली नाक्याला रिक्षा अडकली तेव्हा कमळाबाईला राहवलं नाही.

“खोटं कशाला बोललीस तू?”

“मग काय सांगू? एवढ्या बायांत तुमचं नाव घेऊ?”

“तुला ठाव होतं?”

“पोर अंगावर यायची तेव्हा तोंडाला दुधाचा वास यायचा, आत्याबाई. मला वाटलं, तुमचंच बरोबर असेल. माझ्या हातून तर ती निळी पडली होती.” कावेरीनं पोरीचं टोपरं सारखं केलं. “आठ दिवस बोंडलं माझ्याकडे द्या. ती दवाखान्यात गेली तर ना तुमच्या मांडीवर येणार, ना माझ्या.”

आता सून भांडली असती तर कमळाबाई भांडली असती. चार शब्द उलटे बोलली असती तर घरी जाऊन नवनाथला सांगता आलं असतं. या पोरीनं तेवढीही जागा ठेवली नाही. वरून भल्या मनाची निघाली. कमळाबाईचा त्यानंही जळफळाट झाला. दूध हिचं, पोर हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच!

घरी आल्यावर तिनं बोंडलं पिशवीतून काढून कावेरीच्या उशाशी ठेवलं. वेळ झाली, पोर रडायला लागली, तशी कमळाबाई उठून लीलाबेनकडे जाऊन बसली. समोर बसून हात आवरणं तिला जमलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

“काय बा, सुनेनं काढून टाकलं काय तुम्हाला?” लीलाबेन हसली.

“सुट्टीवर आहे.”

“कंपनीत पण असंच सांगतात. मग परत बोलवत नाहीत.”

“तू तुझी मशीन चालव गं.”

भिंतीपलीकडे पोर रडत होती. कमळाबाईनं कापडाच्या चिंध्या गोळा केल्या, रंगाप्रमाणे लावल्या, परत विस्कटल्या. पोरीचा आवाज चिरकायला लागला. ती दोनदा उठली. दोन्ही वेळा लीलाबेननं पदर धरून खाली बसवलं. “तुमच्या हातात आता काय आहे तिथं जाऊन?”

एकाएकी रडणं थांबलं.

कमळाबाई चप्पल न घालता धावली. तिच्या डोळ्यांपुढे तो पहिला दिवस, निळं तोंड. दार लोटलं तर कावेरी भिंतीला टेकून बसलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि पोरीचा एवढासा जबडा कानापाशी वरखाली, वरखाली हलत होता. मधेच थांबायचा, परत हलायचा. घोटाचा आवाज येत होता. पोरीचा एक हात आईच्या छातीवर पसरला होता, पाचही बोटं उघडी.

बोंडल्यानं पाजताना ती बोटं नेहमी मिटलेली असायची. कमळाबाईनं कधी लक्षात घेतलं नव्हतं.

ती उंबऱ्यात उभी राहिली. पोर शिकली, दाखल व्हायची नाही, यानं जीव निवला, हे खरं. पण त्या पाच बोटांवरून तिची नजर हलेना, आणि आत जे जळत होतं ते जळतच राहिलं. कावेरीनं वर पाहिलं, ओठावर बोट ठेवलं. कमळाबाईला, तिच्याच घरात, गप्प बसायची खूण!

पंधरा मिनिटांनी पोर सुटली. “उरलेलं तुम्ही पाजा,” कावेरी हळूच म्हणाली.

उरलेलं. कमळाबाईनं बोंडलं घेतलं. पोरीनं दोन थेंब गिळले, तिसरा ओठावर तसाच ठेवला आणि झोपली. इतका अपमान तिचा मुकादमानंही केला नव्हता.

आठवडा तसाच गेला. वेळ झाली की ती लीलाबेनकडे, घोट ऐकू यायला लागले की परत. कावेरीची वाटी पुन्हा भरू लागली. बोंडलं दिवसातून तीनदा लागायचं, मग दोनदा.

गुरुवारी पोर काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे वीस. शैलजा सिस्टरनं परत उचलून परत ठेवली. तेवढीच. मग म्हणाली पाज, आणि पोरीनं तिच्यासमोर असं धरलं की बाकावरच्या बाया हसल्या.

“शाब्बास कावेरी!” सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “बघा गं, हिच्याकडून चूक झाली होती. आधी पाजून आणायची पोरीला. पण लपवलं नाही, तोंडावर कबूल केलं आणि सुधारलं. आई अशी पाहिजे.”

बाया कावेरीकडे बघू लागल्या. कावेरी लाजून खाली मान घालून बसली. कमळाबाईनं एवढ्या दिवसांत पुष्कळ गिळलं होतं. दूध गेलं, मांडी गेली, पाच बोटं गेली. पण हे? चूक तिची आणि शाब्बासकी हिला?

“ओ सिस्टर,” ती उठली. “ती चूक माझी होती.”

“आत्याबाई, असू द्या.”

“तू गप वं. सिस्टर, त्या खांबाआड मी पाजलं. आधीचे आठ-दहा दिवसही मीच. ही आंघोळीला गेली की पाजायची. हिला कुठलं जमतंय असलं!”

बाकावर खसखस पिकली. शैलजा सिस्टरनं चष्मा काढला.

“मला त्याच दिवशी कळलं होतं, आजी. पोट भरलेलं आणि लाळेरं कोरडं. कावेरीच्या हातून पाजलं असतं तर निम्मं लाळेऱ्यावर असतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.”

कमळाबाईनं कागद ओढून घेतला. तिला अक्षरओळख यथातथाच. “मागच्या गुरुवारी काय लिहिलं होतं इथं?”

“आधी पाजून आणलं, असं लिहिलंय.”

“कोणी पाजलं ते?”

“ते नाही लिहिलं.”

“मग लिहा.”

सिस्टरनं हसू दाबलं, पेन उघडलं आणि खाली एक ओळ लिहिली.

“वाचून दाखवा.”

“आजीनं पाजलं होतं,” सिस्टरनं वाचलं. “दूध सांडलं नाही.”