दोन बांधांमधला माणूस

लढाई संपल्यावर पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी माझा थोरला भाऊ बोटीवरून घरी आला. आमचं गाव दहिवलीच्या पलीकडे, नदीपासून हाकेवर. तीन वर्षं तो तेलाच्या बोटीवर खलाशी होता. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल आणि शिधा पोचवायचा, हे तिचं काम. थांबलं की पाणबुडी गाठते, म्हणून दोन्ही जहाजं शेजारी-शेजारी चालती ठेवून मधून नळी टाकत, असं त्यानं आल्या दिवशी आईला सांगितलं. नंतर बोटीविषयी बोललाच नाही.

घरात तो चारचौघांसारखा वागे. पण मी शेतावर भाकरी घेऊन निघाले की शेजारच्या बांधावरून चालू लागे. मधे भाताचं एक खाचर. मी थांबले की तोही थांबे. मी त्याच्याकडे वळले तर तेवढाच पलीकडे सरके. नजर माझ्यावर नसायची. आमच्या मधे, पिकाच्या जरा वर कुठंतरी खिळलेली असायची. बायका कुजबुजू लागल्या. आईनं लिंबू उतरून टाकलं, भगताकडून अंगारा आणला. फरक पडला नाही.

एका दुपारी मी टोपली खाली ठेवली आणि बांधावरूनच विचारलं, "दादा, माज्याजवळ का येत नायस?"

"दोरी सैल पडंल," तो म्हणाला.

मग तिथूनच, आवाज न चढवता, त्यानं सगळं सांगितलं. एका आजारी खलाशाला दोन जहाजांमधे ताणलेल्या दोरीवरच्या पाळण्यात बसवून दुसऱ्या जहाजावर पाठवत होते. तो अर्ध्यात असताना विमानं आली. जहाजं तातडीनं वेगळी करायची होती. दोरीपाशी कुऱ्हाड घेऊन भाऊच उभा होता. साहेबानं हुकूम दिला आणि त्यानं घाव घातला.

"वरडला नाय गं तो. नुसता माज्याकडं बगत व्हता. आता हितं असतो, तुज्या-माज्या मधी. मी जवळ आलो तर त्याचे पाय पान्याला लागतील."

वारा नव्हता. खाचरात मधोमध एकाच जागी भात हलत होता. बेडूक असेल.

त्या दिवसापासून मी सरळ, एका चालीनं चालू लागले. कुणाला काही सांगितलं नाही. पुढं पुढं डाव्या खांद्याला कुणी ओढतंय असं मलाच वाटू लागलं.

फाल्गुनात लग्न होऊन मी खालापूरकडे आले. भाऊबीजेला तो आला तो थेट चुलीपाशी, मला खेटून बसला. अंगानं भरला होता. ओवाळताना मी हळूच विचारलं, "आनि तो?"

त्यानं तबकातली सुपारी उचलली. "तू गेलीस. पलीकडून धरायला कुनी नव्हतं."

जेवताना त्यानं दोनदा भात मागून घेतला, माझ्या नवऱ्याला बोटीवरच्या गमती सांगून हसवलं. मला बरं वाटायला हवं होतं.

पुढं तो कर्जतच्या भातगिरणीत कामाला लागला, संसार केला, म्हातारा झाला. त्या माणसाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.