नवऱ्याची ओटी

चामराजपेटच्या आमच्या घरात माझ्या ओटीत इतके नारळ पडले आहेत की त्यात एखादं छोटं दुकान निघालं असतं. मी पुण्याची, सासर मात्र पिढ्यान् पिढ्या बंगळूरचं. सण कुठलाही असो, सासूबाई मला पाटावर बसवायच्या, पदरात तांदूळ आणि नारळ घालायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आता स्वल्प मनावर घे गं." जणू मूल मी कुठेतरी ठेवून विसरले होते. माझ्या सगळ्या तपासण्या नीट होत्या, पण हे त्या घरात कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं, आणि तो कुणीतरी म्हणजे माझा नवरा. तो काही बोलायचा नाही. सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटवर परत आलो की मी नारळ ओट्यावर आपटायचे आणि तो म्हणायचा, "चटणी करू." मला चटणीचा वीट आला होता.

मग त्याची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, व्हेरिकोसील आहे. अंडकोषाच्या शिरा फुगतात, रक्त तिथेच साचतं, जागा तापते आणि त्या उष्णतेत शुक्राणू नीट तयार होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या शिरा बांधायच्या, संध्याकाळी घरी. बऱ्याच जणांना फरक पडतो, पण खात्री कुणीच देत नाही. खिडकीबाहेर एक झाड पानं टाकून नुसत्या गुलाबी फुलांनी भरलं होतं आणि नवरा त्याच्याकडेच बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "अम्माला हर्निया सांगू या." सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तो शब्द घरात ओळखीचा होता. मला राग आला, भयंकर आला. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी नुसतं "सरी, बरं" म्हटलं.

ऑपरेशनच्या दुपारी त्याला खोलीत आणलं तेव्हा तो गुंगीत होता. "आपण कुठे चाललोय?" त्याने विचारलं. "कुठेच नाही, झोप." पडद्यातून पिवळसर उजेड येत होता, त्यात माझेही डोळे मिटले. एक तळं दिसलं, त्यावर माझे सगळे नारळ सावकाश तरंगत होते. पलीकडच्या काठावर कुणीतरी लहान, माझ्याकडे पाठ करून बसलं होतं. हाक मारावी म्हटलं तर नाव ठाऊक नव्हतं. जाग आली तेव्हा त्याचा हात माझ्या हातात होता आणि दोघांचेही हात गार पडले होते.

जखम भरली आणि सासूबाईंचा फोन आला, शनिवारी या. आजारपणातून उठलेल्या माणसाला शनिवारी तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, ही त्या घराची रीत. हर्नियानंतर सासऱ्यांनाही असंच न्हाऊ घातलं होतं. आमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच बजावलं होतं, गरम पाण्याने अंघोळ नको. खोटं निवडताना हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

न्हाणीघरात सगळीकडे वाफ होती. नवरा पंचा नेसून पाटावर बसला होता, अंगावर तेल चमकत होतं. दारात मी टॉवेल घेऊन उभी. सासूबाईंनी तांब्या भरून उचलला. मला वाटलं, हा आता निमूटपणे ओतून घेणार. मीच बोलणार होते, ओठांपर्यंत आलं होतं.

"अम्मा, ऊन पाणी नको," तो म्हणाला.

"का रे? अण्णांनी घेतलं होतं की."

"त्यांचा हर्निया होता. माझा नव्हता." मग तो खाली बघत सगळं बोलला, शिरांचं, उष्णतेचं. शेवटी म्हणाला, "मूल होत नाही ते माझ्यामुळे. हिच्यात काही नाही. कधीच नव्हतं."

वाफेत सासूबाईंचा चेहरा मला नीट दिसेना. तांब्या तसाच हातात. मग त्यांनी तो परत ओतला, शेजारच्या बादलीतलं गार पाणी त्यात घातलं, मनगटावर घेऊन बघितलं, अजून घातलं, आणि लहान मुलाला घालावं तसं त्याच्या खांद्यांवर हळूहळू सोडलं. मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडले.

जेवणानंतर निघताना त्यांनी पाट मांडला. सवयीने मी पदर सावरून पुढे झाले.

"तू नव्हे," त्या मला म्हणाल्या. "त्याला बसव."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बस की. मी इतकी वर्षं बसलेय." तो बसला. त्यांनी त्याच्या खांद्यावरचं उपरणं मांडीवर पसरलं, त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग मला जवळ ओढून घेतलं आणि कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "मला कुणी सांगितलंच नाही गं," एवढंच म्हणाल्या.

पुढची तपासणी अजून व्हायची होती. आम्ही रिक्षात बसलो. दुपारची वेळ, वरून पावसासारखी गुलाबी फुलं पडत होती आणि शहर डुलक्या घेत होतं. नारळ त्याने दोन्ही हातांनी धरला होता, खड्डा आला की अजून घट्ट. सर्जापूर रोड येईपर्यंत माझी मांडी रिकामी होती, आणि मला फार हलकं वाटत होतं.