राबाची माती

मातीचंही एक शास्त्र असतं, हे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तेव्हा चौघांनाच मान्य होतं: आमचे प्रोफेसर आणि आम्ही तीन विद्यार्थी. तिसाव्या सालानंतरच्या त्या दिवसांत प्रोफेसर विलायतेहून हे खूळ डोक्यात घेऊन आले आणि कॉलेजनं त्यांना जिन्याखालची एक खोली देऊन टाकली. तिथे आम्ही ओली माती काचेवर ठेवून तळहातानं वळत बसायचो. ती किती बारीक वळली जाते आणि कुठे तुटते, यावरून तिचा चिकटपणा ठरायचा. पूल बांधायला शिकणारी बाकीची मुलं दारातून डोकावून विचारायची, "काय, शेवया झाल्या का?" चिडायचीही सोय नव्हती, कारण दिसायच्या त्या शेवयाच.

अशात कर्जत तालुक्यातून एक काम आलं. पोशीर नदीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव होतं. तिथे मातीचा बांध घालून तलाव करायचं घाटत होतं. माती जवळच्याच माळावरून घ्यायची. ती पाणी धरते की नाही, एवढंच आम्ही सांगायचं होतं. आम्ही नाही म्हटलं, की तलाव दुसऱ्या गावाला जाणार. पावसाळ्यात त्या गावात चालायला कोरडी जागा नसे, आणि चैत्र लागला की बायका हंडे घेऊन कोसभर लांब नदीवर जात.

आम्ही नेरळला उतरलो आणि बैलगाडीनं गावात पोचलो. प्रोफेसर आणि दोघे मित्र ओढा मोजायला गेले, नमुना आणायचं काम माझ्याकडे आलं. नमुना दोन हात खोलीवरचाच हवा, हा प्रोफेसरांचा दंडक. मी माळावर दोन ठिकाणी पहार मारली. जमीन अशी कडक, की पहारच उलटी उडाली. तिसऱ्या ठिकाणी मात्र काळसर, भुसभुशीत माती लागली आणि मला अगदी धन्य वाटलं. तेवढ्यात नदीवरून एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आली. थांबून म्हणाली, "तितं खनू नको रं, राब हाय तो."

मी पुण्यात वाढलेला. भात ताटात पडतो, इतकीच माझी शेती. 'राबणे' ठाऊक होतं, 'राब' नव्हता. मला वाटलं, बाई माझी कीव करतेय. मी कपाळ पुसत ऐटीत म्हणालो, "राबतोय खरा, मावशी!" ती मान हलवून निघून गेली. मी वीतभर खणलं, पिशवी भरली आणि चिठ्ठीवर झोकदार अक्षरात लिहिलं, 'खोली दोन हात.'

जिन्याखालच्या खोलीत ती माती काही केल्या वळेना. बोटाला लावली की भुगा. मित्र म्हणाला, "ह्या शेवया नव्हेत, हा तर रवा." प्रोफेसरांनी तीनतीनदा करून पाहिलं. पाणी घातलं की सरळ आरपार जाई. त्यांचा चेहरा उतरला. पण वाईट बातमी पत्रानं कळवायची नाही, ज्यांची माती त्यांना समोर बसून सांगायचं, असा त्यांचा रिवाज होता. म्हणून वैशाखात आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. त्या चिठ्ठीची मला वाटेत एकदाही आठवण झाली नाही, हे सांगायला आज लाज वाटते.

गाव आंब्याखाली जमलं. प्रोफेसरांनी उरलेली माती कागदावर पसरून समजावलं, की ही पाणी धरणार नाही. मग तीच बाई पुढे आली. चिमूटभर माती चोळली, नाकाशी नेली आणि खळखळून हसली.

"सायेब, ही राबाची माती! शेन नि पाला घालून आमी भाजलीय ती. भाताची रोपं करायला. भाजलेल्या मातीत पानी कसं ऱ्हाईल? मी या पोराला सांगितलं व्हतं, तर म्हनतो राबतोय खरा!"

सगळं गाव हसलं. प्रोफेसर हसले नाहीत. "अहो महाशय," ते मला म्हणाले, "दोन हात खाली कुणी भाजलं?"

"वीतभरच खणलं होतं," मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी राब सोडून एक जागा दाखवली आणि कुदळ माझ्या हातात दिली. दुपारपर्यंत मी दोन हात खाली गेलो. तिथली पिवळी माती कुदळीला चिकटून सुटेना. मित्रानं ती तळहातावर वळली, तर चांगली लांबलचक शेवई! प्रोफेसर लहान मुलासारखे टाळ्या पिटायचेच बाकी होते. तरी त्यांना खात्री हवी होती. खड्ड्याच्या तळाशी आणखी एक लहान खळगा करायचा, तो पाण्यानं भरायचा आणि संध्याकाळपर्यंत किती मुरतं ते पाहायचं.

पाणी म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघू लागले. ती बाई घरात गेली आणि सकाळी नदीवरून आणलेला हंडा घेऊन आली. "मुरलं तर मुरलं," म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं सगळा रिकामा केला.

खळग्यावर पळसाची पानं झाकून आम्ही बसलो. प्रोफेसर दर थोड्या वेळानं काडी बुडवून बघत. मी देवाचं नाव घेत होतो, आणि ते शास्त्रासाठी नव्हतं. उन्हं कलली तेव्हा पाणी दोन बोटं उतरलं होतं, फक्त दोन बोटं. प्रोफेसरांनी तिथेच वहीत होकार लिहिला.

ती बाई हंडा आणि एक वाटी घेऊन आली. "टिकलं ना पानी?"

"टिकलं, मावशी."

"मग माजं मला द्या. रेडकाला चालंल."

मी हंडा घेऊन खड्ड्यात उतरलो आणि वाटीवाटीनं भरू लागलो. तळाशी थोडं गढूळ पाणी उरलं, ते वाटीत येईना. मी हात झटकून उठणार, तोच ती वरून म्हणाली, "ओंजळीनं घे रं."

मी ओंजळीनं घेतलं.