होंग बाई वर्गात नव्हत्या

वान-जू ताई शिक्षिका व्हायला निघाली तेव्हा चौतिशीला आली होती. त्याआधी ती समुद्रकाठच्या लिनब्येन गावातल्या मत्स्यतळ्यांचं पाणी तपासायची. काठावर उकिडवं बसून बाटली बुडवायची, पाणी बिघडतंय का ते पाहायचं आणि मासे मरायच्या आत मालकाला सांगायचं. मालक बहुधा मासे उलटे तरंगायला लागल्यावरच ऐकत. "यांना शाळेतच कुणीतरी नीट शिकवायला हवं होतं," असं ती वैतागून म्हणायची. एक दिवस खरोखरच नोकरी सोडून तिने पिंगतुंगला येऊन पदवीनंतरच्या शिक्षक-प्रशिक्षणाला नाव घातलं.

आमची ओळख तिथली. ती विज्ञानाची, मी चिनी साहित्याची. दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात बसवलेला होता. बालमानसशास्त्र संध्याकाळी, मूल्यमापन शनिवारी, पाठनियोजन रविवारी, आणि प्रत्येक प्राध्यापकाला वाटायचं की आम्हाला फक्त त्यांचाच विषय आहे. मग देशपातळीवरची परीक्षा. तीही पास झालं की अर्धं वर्ष एखाद्या शाळेत शिकाऊ म्हणून काढायचं. पगार नाही, उलट त्या अर्ध्या वर्षाची फी विद्यापीठाला आम्हीच भरायची. शाळेतल्या मार्गदर्शक बाई आणि विद्यापीठाचे सर, दोघांनी मान डोलावली तरच प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र नसेल तर उन्हाळ्यात निघणाऱ्या जागांसाठी उभंसुद्धा राहता येत नाही.

त्या उन्हाळ्यात ताईच्या गावच्या शाळेत विज्ञानाची जागा निघणार होती. तिथले जुने सर निवृत्त होत होते. अशी जागा पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता.

आम्हा दोघींना एकच माध्यमिक शाळा मिळाली. सकाळी फाटकापाशी मुलांना रस्ता ओलांडता यावा म्हणून झेंडा धरून गाड्या अडवायच्या, कार्यालयात फलक चिकटवायचे, दुपारी मुलं बाकांवर डोकी टेकून झोपली की कुणी कुजबुजत नाही ना ते पाहत फिरायचं. ताईच्या मार्गदर्शक होत्या होंग बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला समोरच्या गार चहाच्या दुकानातून चहा आणायला पाठवलं.

"साखर अर्धी, बर्फ नको. लक्षात राहील ना?"

"राहील, बाई. तळ्यातल्या पाण्याचं सगळं लक्षात राहायचं, हा तर चहा आहे."

होंग बाई हसल्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या, म्हणूनच माझा राग अजून निवत नाही.

आमच्या प्रशिक्षणात एक नियम आहे: शिकाऊ शिक्षकाने वर्गात एकटं शिकवायचं नाही, मार्गदर्शक मागच्या बाकावर हव्यातच. शाळांनी आम्हाला फुकटचे शिक्षक म्हणून राबवू नये यासाठी केलेला तो नियम. चांगला नियम आहे. पण त्या वर्षी मुख्याध्यापकांना यंत्रमानवांच्या स्पर्धेत बक्षीस हवं होतं, आणि ते काम होंग बाईंकडे होतं.

"वान-जू, वर्ग बघतेस ना जरा? पाच मिनिटांत आलेच."

त्या तास संपेपर्यंत यायच्या नाहीत. पुढे पुढे तर पाच मिनिटांचं सांगणंही बंद झालं.

"नाही म्हण की त्यांना," मी जेवताना म्हटलं.

"तू म्हणून बघ तुझ्या बाईंना. माझे गुण त्यांच्या हातात आहेत." तिने डब्यातलं अंडं अर्धं करून माझ्या भातावर ठेवलं. "आणि पोरं समोर बसलेली असतात गं. त्यांना काय सांगू, नियम आहे, गप्प बसा?"

तिने शिकवलं. आम्ल आणि अल्कली शिकवताना मुलांना आपापल्या घरच्या तळ्यांचं पाणी आणायला सांगितलं. पेइ-शान नावाची एक मुलगी सगळ्या तासांना पेंगायची. तिचा बाप हामूर मासे पाळतो. तिने आणलेल्या बाटलीतल्या पाण्यात ताईने कागद बुडवला, रंग पाहून म्हणाली, "आज घरी जाऊन बाबांना सांग, पाणी बदला." बापाने चक्क बदललं. तेव्हापासून ती पोरगी पहिल्या बाकावर बसायला लागली.

डिसेंबरात विद्यापीठाचे ल्याओ सर ताईचा पाठ पाहायला आले. होंग बाई नवा कोट घालून मागच्या बाकावर हजर होत्या. पाठ सुरेख झाला. सर खूश होऊन मुलांना म्हणाले, "छान उत्तरं दिलीत! आधीचा भाग कोणी शिकवला तुम्हाला?"

पेइ-शान ताडकन उभी राहिली. आपल्या बाईंचं कौतुक करायची संधी तिला सोडायची नव्हती.

"सगळं वान-जू बाईंनीच शिकवलं, सर! त्या एकट्याच घेतात तास. होंग बाई येतच नाहीत!"

मुलं हसली. मोठ्यांपैकी कुणी हसलं नाही.

नंतर शिक्षककक्षात मीही होते, कुणी मला बाहेर जा म्हटलं नाही. ल्याओ सरांनी शांतपणे सांगितलं की मार्गदर्शकाशिवाय घेतलेले तास धरता येत नाहीत. म्हणजे ताईचे शिकवण्याचे बहुतेक सगळे तास बाद. अर्धं वर्ष पुन्हा.

"पण सर, तास टाळले कोणी?" मी म्हणाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

होंग बाई घाईने म्हणाल्या, "अहो, लहान पोर आहे ती, काहीही बोलते. मी मागेच बसलेली असते. वान-जू, सांग ना सरांना. तेवढं सांगितलंस की सगळं सुरळीत."

सरांनाही तेच हवं होतं, त्यांनी पेन खाली ठेवलं. ताईने पाठाची वही मिटली. मला वाटलं, सांगेल. मला वाटत होतं, सांगावं तिने.

"उद्या पेइ-शानला बोलावून खोटं का बोललीस म्हणून विचाराल," ती म्हणाली. "ती खरं बोलली, सर. होंग बाई वर्गात नव्हत्या."

होंग बाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या यंत्रमानवाला बक्षीस मिळालं, फाटकावर फलक लागला. तो मीच चिकटवला. माझं प्रमाणपत्र फेब्रुवारीत आलं. त्याच महिन्यात ताई दुसऱ्या शाळेत पुन्हा शिकाऊ म्हणून रुजू झाली, नव्याने फी भरून. गावची जागा जूनमध्ये कुणा दुसऱ्यालाच मिळाली. ज्या नियमाने तिला वाचवायचं त्याच नियमाने तिला मारलं, आणि ज्यांनी तो मोडला ते निवांत चहा पीत राहिले.

मार्चमध्ये मी तिला भेटायला त्या नव्या शाळेत गेले. तास चालू होता. ताई वर्गाबाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती, हातात खडू. आत मुलांचा गोंधळ. एका मुलीने खिडकीतून डोकं काढलं.

"बाई, आत या ना! अर्धं समीकरण फळ्यावर तसंच राहिलंय."

"तुमच्या नेहमीच्या बाई पाच मिनिटांत येते म्हणाल्यात ना," ताई म्हणाली. "त्या आल्या की येते."

"त्या नाही येत लवकर!"

"माहितीये मला," ताई म्हणाली, आणि जागची हलली नाही.